रंग ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली, अन् शेतकऱ्याला लोखंडी नांगर मिळाला : लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

२० जून ही लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची जयंती. किर्लोस्कर म्हटलं की आपल्याला विहिरीवरचा पंप आठवतो, इंजिन आठवतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते नांगराचं नाव सांगतील. सहा बैली, आठ बैली लोखंडी नांगर आपल्या भागात किर्लोस्कर याच नावाने ओळखला जायचा.

पण ज्या माणसामुळे हे नाव लोखंडावर उमटलं, तो लोखंडाचं काम शिकला कुठे? इंजिनिअरिंग कॉलेजात तो कधी शिकायला गेला नाही. घरी लोहाराची भट्टी नव्हती. बाप वेदान्त वाचणारा. पोराला चित्रं काढायची होती. असा माणूस लेथ, ड्रिल, भट्टी अन् ओतकाम शिकला कसा, आणि त्याच्या कामाचा आपल्या शेताशी काय संबंध आला, हे आजच्या पोरांना माहीत पाहिजे. म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर लिहितोय.

गुर्लहोसूरचा पोरगा

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. मूळ घराणं कोकणातलं. मालवण भागातल्या किर्लोस गावावरून आडनाव पडलं. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर पण याच गुर्लहोसूरचे आणि याच कुळातले. म्हणजे घराण्यात विद्या होती, कला होती, पण यंत्राचं नाव नव्हतं.

लक्ष्मणरावांचं शाळेत मन रमत नव्हतं. दोनच गोष्टींची ओढ होती, एक चित्र काढणं आणि दुसरं म्हणजे दिसेल ती वस्तू कशी चालते ते बघणं. वडिलांना अर्थातच हे पसंत नव्हतं. आपल्याकडे आजसुद्धा पोरगं अभ्यास सोडून मोटारसायकल खोलून बसलं की घरात जे वातावरण होतं, तेच तेव्हा तिथे होतं. पाठीशी उभे राहिले ते थोरले भाऊ रामूअण्णा. त्यांच्या मदतीने १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले.

डोळ्यांनी साथ सोडली

मुंबईत एक वेगळीच अडचण उभी राहिली. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असं लक्षात आलं. रंगांधळेपणा म्हणतात तो हाच. रेषा उत्तम, हात स्थिर, पण रंग चुकणार. घरच्यांचा विरोध पत्करून एवढ्या लांब आलेल्या पोराला चित्रकार होता येणार नाही हे कळलं, तेव्हा त्याच्या मनाला काय वाटलं असेल!

कुणी दुसरा असता तर गाठोडं बांधून गावी परतला असता. लक्ष्मणराव परतले नाहीत. रंग जमत नसेल तर रंग नको, पण रेघ तर जमते. त्यांनी यंत्रांच्या ड्रॉइंगकडे मोर्चा वळवला. मशीनच्या ड्रॉइंगला रंग लागत नाही. तिथे माप लागतं, कोन लागतो, एखादा भाग समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसेल हे डोळ्यांपुढे आणावं लागतं. या कामात त्यांचा हात बसला, आणि मुंबईतल्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, जिला आज आपण व्हीजेटीआय म्हणतो, ड्रॉइंग शिकवायची नोकरी मिळाली.

शिकवायला गेला आणि शिकून आला

ही संस्था तेव्हा नवी होती. तिच्या वर्कशॉपमध्ये यंत्रं होती. लक्ष्मणरावांचं काम वर्गात ड्रॉइंग शिकवायचं, पण तास संपला की पावलं वर्कशॉपकडे वळायची. कागदावर काढलेला भाग प्रत्यक्ष लोखंडातून कसा निघतो हे त्यांना बघायचं होतं, करायचं होतं. मोकळा वेळ तिथेच जायचा. परदेशातली यंत्रांची मासिकं, पुस्तकं वाचायची, आणि वाचलेलं मशीनवर ताडून बघायचं.

लेथ म्हणजे काय हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना बघून माहीत आहे. पंपाचा शाफ्ट झिजला, ट्रॅक्टरच्या पिनेचं भोक मोठं झालं, बुश ढिलं पडलं की आपण तालुक्याच्या लेथवाल्याकडे जातो. लेथ म्हणजे सोप्या भाषेत लोखंडाचं कुंभाराचं चाक. फरक एवढाच की कुंभाराचं चाक जमिनीवर आडवं फिरतं आणि हाताने माती दाबली जाते. लेथवर लोखंडाचा तुकडा, ज्याला जॉब म्हणतात, चकमध्ये घट्ट धरून आडव्या आसावर फिरवतात आणि कडक पोलादाचं टूल त्याच्यावर टेकवतात. जॉब फिरतो, टूल सरकतं, लोखंडाची साल निघत जाते.

ऐकायला सोपं आहे, पण करून बघणाऱ्याला कळतं. टूल जरा खाली बसलं तर जॉब खरवडतो. जरा जास्त आत घेतलं तर टूलच मोडतं. चकमध्ये जॉब मध्यावर नसेल तर एका बाजूने जास्त साल निघते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. शाफ्ट एक सूत जास्त कापला गेला की तो भंगारात. म्हणून लेथवर शिकणाऱ्याला आधी हात आवरायला शिकावं लागतं. माप घे, थोडं काप, परत माप घे. हीच सवय आटे पाडताना लागते, भोक पाडताना लागते, साचा करताना लागते.

लक्ष्मणरावांचा ड्रॉइंगचा हात आधीच तयार होता. त्याला आता लोखंडाची जोड मिळाली. कागदावर रेघ मारताना ती रेघ मशीनवर निघेल का, कुठे पकड घ्यावी लागेल, कुठे जॉब हलेल, हे त्यांना कळायला लागलं. पुढे आयुष्यभर त्यांना हीच शिदोरी पुरली.

बढती गेली, नोकरीही सोडली

संस्थेत वरची जागा रिकामी झाली. अनुभव बघता ती लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती. ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. इंग्रजांचं राज्य होतं, कातडीचा रंग बघितला जायचा. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला.

पगाराची नोकरी सोडणं तेव्हाही वेडेपणाच समजला जायचा, आजही समजतात. पण बेळगावला रामूअण्णा होते. दोघा भावांचं सायकलचं दुकान आधीच चालू झालं होतं. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची सुरुवात १८८८ पासून धरतात ती या दुकानामुळे. मुंबईहून सायकली मागवायच्या, बेळगावात विकायच्या, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचं. तेव्हा सायकल ही मोठ्या लोकांची चैन होती. त्या दुकानाची आठवण म्हणून बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

लक्ष्मणराव बेळगावला आले, आणि दुकानाच्या जोडीला छोटंसं वर्कशॉप उभं राहिलं. पुढच्या मोठ्या कारखान्याचं बी इथे रुजलं. पैसा थोडा, कारागीर मोजके, मालक स्वतः मशीनपाशी. एखादी वस्तू बनवायची, ती मोडायची, का मोडली ते बघायचं, परत बनवायची.

कडबा आणि नांगर

लक्ष्मणरावांपुढे प्रश्न होता की बनवायचं काय? विलायतेतून सगळा माल येत होता. त्यांनी आजूबाजूला बघितलं तर सगळीकडे शेतकरी. मग शेतकऱ्याच्या कामाची वस्तू करायची ठरवली.

पहिली वस्तू होती कडबा कापायचं यंत्र. ज्याने जनावरं पाळलीत त्याला हे वेगळं सांगायला नको. ज्वारीच्या कडब्याची पेंढी तशीच टाकली तर बैल पाला खातो अन् जाड धांडं पायाखाली तुडवतो. वैरण वाया जाते. तोच कडबा बारीक कापून घातला तर बराच पोटात जातो. दुष्काळी भागात हा फरक म्हणजे जनावर जगण्या-मरण्याचा फरक असतो.

त्यानंतर आला नांगर. १९०३ साली लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. आपला जुना लाकडी नांगर जमीन उकरायचा, पण पलटायचा नाही. वरची माती वरच राहायची. काळ्या रानात हराळी अन् कुंदा माजला की लाकडी नांगराचं काही चालत नसे. लोखंडी नांगर फाळाने माती खोल कापतो आणि वळवलेल्या पत्र्यावरून ती उलटी टाकतो. खालची माती वर येते, तणाच्या मुळ्या उन्हात पडून वाळतात.

परदेशी लोखंडी नांगर होते, पण ते गरीब शेतकऱ्याच्या आवाक्यात नव्हते. आणि मोडला तर भाग कुठून आणायचा? इथे वर्कशॉपच्या कामाचं महत्त्व लक्षात घ्या. नांगराचा फाळ दगडाला लागतो, झिजतो, तुटतो. तो बदलता आला पाहिजे. जुना काढला अन् नवा आणला तर त्याची भोकं त्याच जागी पाहिजेत, बोल्ट त्याच मापाचा पाहिजे. लोहार प्रत्येक नांगर वेगळा घडवतो, एकाचा फाळ दुसऱ्याला बसत नाही. कारखान्यात मात्र लाकडी साचा करून त्यावरून बिडाचं ओतकाम करतात. एका साच्यातून शंभर फाळ सारखे निघतात. ड्रिलने भोकं ठरलेल्या जागी पाडतात, लेथवर बोल्ट-पिना ठरलेल्या मापात काढतात. मुंबईच्या वर्कशॉपमध्ये मापाची जी सवय लागली, ती आता शेतकऱ्याच्या नांगरात उतरली.

दोन वर्षं गिऱ्हाईक नाही

एवढं करून नांगर बनला, पण घेतला कुणी नाही. लोखंडाने जमिनीला विष चढतं, पीक येत नाही, असा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

आज हे ऐकून आपल्याला हसू येतं, पण मी शेतकरी म्हणून शेतकऱ्याची बाजू पण सांगतो. ज्याच्याकडे एक बैलजोडी आणि पाच-सात एकर कोरडवाहू रान आहे, तो नवी वस्तू घ्यायला भितोच. कारखानदाराचा एक नांगर फसला तर तो दुसरा बनवेल. शेतकऱ्याचा हंगाम फसला तर वर्ष जातं, घरात खायला नसतं. आणि खालची माती वर आणली की पहिल्या वर्षी काही रानं जरा वेगळी वागतात, हेही खरं. त्यामुळे लोकांची शंका अगदीच अडाणीपणाची नव्हती. नुसत्या सांगण्याने ती जाणारही नव्हती, रानात काम दिसायला हवं होतं.

दोन वर्षं माल पडून असताना कारखाना बंद करायचा विचार कुणाच्याही मनात आला असता. लक्ष्मणरावांनी तो केला नाही. हळूहळू लोकांना नांगरलेलं रान दिसलं, त्यातलं पीक दिसलं. एकाचं बघून दुसऱ्याने घेतला. शेतात नवी गोष्ट अशीच पसरते, मग तो नांगर असो, ठिबक असो की नवं बियाणं.

बसलेली घडी मोडली

धंदा जरा रुळावर येतोय तोच नवं संकट आलं. बेळगावात ठळकवाडी, म्हणजे आजची टिळकवाडी, ही नवी वस्ती वसवायची ठरली. त्यासाठी वर्कशॉपची जागा खाली करायला सांगितलं गेलं. ज्यांची जमीन रस्त्यात, धरणात किंवा वसाहतीत गेली त्यांना हे दुःख कळेल. भट्टी, मशीनची पायाबांधणी, कारागिरांची घरं, सगळंच उठवायचं. शेड परत बांधता येते, पण बसलेली घडी मोडते.

याच काळात औंध संस्थानातलं एक काम लक्ष्मणरावांकडे आलं होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, गुणी माणसाची कदर करणारे होते. त्यांनी लक्ष्मणरावांची अडचण ऐकली आणि आपल्या संस्थानात कारखाना काढायला सांगितलं. कुंडलजवळ, रेल्वेच्या कुंडल रोड स्टेशनलगत, सुमारे ३२ एकर माळरान दिलं आणि भांडवलाला मदत केली. चित्रकार होऊ न शकलेल्या माणसाला एका चित्रकार राजाने जागा दिली, असा हा योग.

निवडुंगाचा माळ

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस. हा भाग आज सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे. आज तिकडे ऊस, द्राक्षं, सगळी हिरवळ आहे. तेव्हा तो निवडुंगाने भरलेला उजाड माळ होता, नागांचा सुळसुळाट होता, पाण्याचे हाल होते. तिथे थोडे कामगार, त्यांची कुटुंबं आणि बेळगावहून आणलेली मशीनं घेऊन लक्ष्मणराव उतरले. पत्नी राधाबाई बरोबर होत्या. आधी निवडुंग तोडायचा, मग राहायला झोपड्या, मग कारखान्याची शेड.

माळावर भट्टी पेटली आणि नांगर परत निघू लागले. आधीच्या शिकवणीचा फायदा इथे झाला. बेळगावची शेड मागे राहिली, पण मशीन कशी बसवायची, बीड कसं ओतायचं, जॉब कसा धरायचा हे ज्ञान माणसांच्या हातात होतं. ते त्यांच्याबरोबर माळावर आलं.

डिग्री न बघता माणसं निवडली

लक्ष्मणराव स्वतः कागदावरच्या पदवीशिवाय शिकलेले, त्यामुळे माणूस पारखताना त्यांनी कागद बघितला नाही. शंभूराव जांभेकर यंत्रांचे जाणकार, बंद पडलेलं मशीन त्यांच्या हाताने चालू व्हायचं. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण डोकं पक्क्या इंजिनिअरचं. के. के. कुलकर्णीही त्यांच्यातच होते. मंगेशराव रेगे हिशोब सांभाळायचे. ही मंडळी वाडीच्या उभारणीतली मोठी नावं आहेत.

आसपासच्या गावचे तरुण कामाला लागले. ज्यांच्या हातात काल विळा होता ते साच्यात माती ठोकायला शिकले, कानशीने लोखंड घासायला शिकले, लेथवर उभे राहिले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी काम दिलं, राखणीची जबाबदारी दिली. गावाने ज्यांना दरोडेखोर म्हणून टाकलं होतं, त्यांच्यावर कारखान्याची राखण सोपवायची, ही साधी गोष्ट नव्हती. वाडीत शिवाशिव पाळायची नाही हाही दंडक होता. एकाच मशीनवर काम करणाऱ्याने पाणी मात्र वेगळं प्यायचं, हे लक्ष्मणरावांना मान्य नव्हतं.

महायुद्ध आणि तोफा

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी माल यायचा थांबला. त्यामुळे इथल्या नांगराला मागणी वाढली. पण त्याच युद्धामुळे लोखंड मिळेना, कोळसा मिळेना, रंगही मिळेना. मागणी आहे आणि कच्चा माल नाही, अशी कोंडी झाली.

तेव्हा वाडीत मिळेल त्या साधनाने काम चालवलं गेलं. भंगार गोळा केलं, पर्याय शोधले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या, निकामी तोफा नांगरासाठी लोखंड म्हणून लक्ष्मणरावांना दिल्या, ही हकिकत कोल्हापूर-सांगली भागात आजही सांगितली जाते. लढाईच्या तोफा वितळून शेतकऱ्याचे फाळ झाले.

ज्यांना ओतकाम माहीत आहे त्यांना कळेल की जुनं लोखंड वितळवून चांगला फाळ काढणं सोपं नसतं. जुन्या लोखंडात काय मिसळलंय ते कळत नाही. फाळ जास्त कडक झाला तर दगडाला लागून तुटतो, मऊ राहिला तर चार दिवसांत झिजतो. हे सगळं भट्टीपाशी उभं राहूनच समजतं.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केलं. तेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून महाराष्ट्रभर वाचलं गेलं. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं अशा शेतकऱ्याच्या वस्तू वाढत गेल्या. १९२० च्या दशकात पाणी उपसायचे पंप पण आले. मोटेने पाणी काढणाऱ्या शेतकऱ्यासाठी ती केवढी मोठी गोष्ट होती, हे मोट ओढलेल्या माणसालाच माहीत.

लेथवर शिकलेल्याच्या घरी लेथचा कारखाना

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांचा जन्म १९०३ चा, म्हणजे नांगर आणि मुलगा एकाच वर्षीचे. त्यांना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या नामांकित संस्थेत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला पाठवलं. १९२६ ला पदवी घेऊन ते परत आले अन् वाडीतच कामाला लागले. बापाने हाताने शिकलेलं आणि मुलाने कॉलेजात शिकलेलं एकत्र आलं.

१९४१ साली त्या वेळच्या म्हैसूर संस्थानात हरिहर इथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी उभी राहिली. तिथे लेथ बनू लागले. जो माणूस मुंबईत दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये तास संपल्यावर लेथ बघायला जायचा, त्याच्या घरातून आता लेथच बाहेर पडू लागले. त्या लेथवर देशभरात किती टर्नर, फिटर तयार झाले असतील! १९४६ ला पुण्यात ऑइल इंजिनचा आणि बेंगळुरूत इलेक्ट्रिक मोटारीचा कारखाना निघाला. आपल्या विहिरीवर जे नाव आलं ते इथून.

आग लागली, पण वाडी उभी राहिली

म्हातारपणी लक्ष्मणरावांना एक मोठा घाव सोसावा लागला. ३० जानेवारी १९४८ ला महात्मा गांधींची हत्या झाली, आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली गेली. निवडुंग तोडून उभं केलेलं डोळ्यांदेखत जळालं. तेव्हा लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते.

वाडी परत उभी राहिली. शेड जळाली तरी काम जाणणारी माणसं होती. आयुष्यात चौथ्यांदा लक्ष्मणरावांच्या हातून काहीतरी गेलं होतं. पहिल्यांदा चित्रकला, मग बढती, मग बेळगावची जागा, आणि आता कारखाना. चारही वेळा हाताने शिकलेलं काम तेवढं शिल्लक राहिलं, आणि त्याच्याच जोरावर पुढचं उभं राहिलं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी लक्ष्मणरावांचं निधन झालं. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनला आज किर्लोस्करवाडी म्हणतात. पुणे-मिरज गाडीने जाताना ती पाटी दिसते.

आपल्या पोरांसाठी

आज गावागावात बारावी झालेली, पदवी घेतलेली पोरं भरतीची वाट बघत बसलीत. एकेकाची चार-पाच वर्षं जातात. दुसरीकडे तालुक्याच्या लेथवाल्याकडे हंगामात नंबर लावावा लागतो, कारण चांगला टर्नर मिळत नाही. नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरची पिन मोडली की दोन-दोन दिवस काम खोळंबतं.

टर्नर, फिटर, मशिनिस्ट, वेल्डर हे ट्रेड आयटीआयमध्ये आहेत. टर्नर आणि फिटरचा कोर्स दोन वर्षांचा असतो, दहावी पास झालेल्याला अर्ज करता येतो. ज्याला ते जमत नाही त्याने एखाद्या चांगल्या कारागिराच्या हाताखाली उभं राहावं. सुरुवातीला झाडायला, पुसायला, टूलला धार लावायला सांगतील. त्यात कमीपणा नाही. एक कॅलिपर, एक पट्टी आणि कानस एवढ्यावरही मापाची सवय लागते. मात्र फिरत्या चकपुढे सैल बाह्या, गळ्यातला टॉवेल, हातमोजे अजिबात नकोत आणि डोळ्यावर चष्मा पाहिजेच. लेथ चुकीला माफ करत नाही.

घरच्यांनाही एक विनंती आहे. पोरगं मोटार खोलून बसलं, इंजिनात डोकं घालून बसलं तर लगेच ओरडू नका. रामूअण्णा धाकट्या भावाच्या पाठीशी उभे राहिले नसते, तर लक्ष्मणराव गुर्लहोसुरातच राहिले असते आणि आपल्या रानात लोखंडी नांगर यायला अजून किती वर्षं लागली असती कोण जाणे.

येत्या २० जूनला गावातल्या लेथवर, गॅरेजवर काम करणाऱ्या पोराला लक्ष्मणरावांची ही गोष्ट जरूर सांगा. आणि घरात जुना किर्लोस्कर नांगर पडून असेल तर भंगारात घालायच्या आधी एकदा नातवंडांना दाखवा.